वाड्यातल्या वस्तू वाड्यातच ठेवायच्या आहेत, मदत हवी

कवेलू
१४ एप्रिल

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात, वणा नदीपासून दोन कोसांवर. गावात पणजोबांनी बांधलेला वाडा आहे. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५१ मध्ये गेली, पुढे शेती वाटली गेली, माणसं नागपूर-वर्ध्याला गेली. आत्या शेवटपर्यंत तिथे राहिली, तिलाही तीन वर्षांपूर्वी वर्ध्याला आणावं लागलं. मागच्या पावसाळ्यात वाड्याची मागची बाजू बसली. आता भावकीचं ठरलं आहे की मागचं उतरवायचं; ओसरी, बैठक, माजघर आणि एका अंगाचा गोठा ठेवायचा, आणि कवेलू (छपराची कौलं) फेरून घ्यायचे.

प्रश्न आतल्या सामानाचा आहे. बैठकीत सागवानी बंगई, पितळी कड्यांची, दर चौथ्या कडीवर मोर. लंबकाचं घड्याळ, चावी नाही. दोन काचेच्या हंड्या, एक तडकलेली. लक्ष्मीचं छापील चित्र, त्यावर कुणीतरी हातानं जर आणि टिकल्या शिवल्या आहेत (आत्या म्हणते, तिच्या आजीनं). माजघरात चाकांची सांदूक, तांब्याचे गुंड (पाण्याचे हंडे), पितळी गंज (पातेली), कोपर (पराती), जातं, पाटा. कोठीच्या खोलीत धान्य मोजायची लाकडी मापं, पायली, अधोली आणि शेर, तिन्हींना लोखंडी पट्ट्या. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी, चाकं असलेला, एक शिंग मोडलेला. गोठ्यात रेंगीचं (छोट्या बैलगाडीचं) जू आणि चाकं. शिवाय एक गाठोडं कागद.

जुनं सामान घेणारा एक माणूस दोनदा येऊन गेला. दाराची चौकट आणि बंगई एकगठ्ठा मागतो. पितळ किलोनं. रक्कम अशी सांगितली की चुलतभाऊ गप्प झाले.

मला ते विकायचं नाही. नागपूरच्या संग्रहालयाला देऊन टाकावं असं एकदा वाटलं, पण मग बंगई तिथे दोरी लावून टांगतील आणि खाली पाटी: 'झोपाळा, लाकूड व पितळ'. ही बंगई पूर्वेच्या खिडकीसमोर का आहे हे त्या पाटीत येणार नाही. खिडकीतून खळं दिसतं. आजोबा बंगईवर बसून खळ्यावर नजर ठेवत. खिडकीशिवाय ती बंगई अर्धीच आहे. म्हणून सगळं जिथल्या तिथे ठेवून बैठक आणि माजघर गावातल्या लोकांना, शाळेच्या पोरांना बघायला खुलं करावं असा विचार आहे. कसं करू? काय करू नको?


जवसफूल
१४ एप्रिल

आधी काय करायचं नाही ते सांगते, कारण ते उद्यापासूनच लागेल.

काहीही घासू नका. चिंच, लिंबू, बाजारातली पावडर, काही नाही. आंबटानं पितळ चकाकतं ते वरचा थर निघून गेल्यामुळे. दरवेळी थोडा धातू जातो आणि त्याबरोबर कोरलेली अक्षरं बुजत जातात. तुमच्या गुंडांवर नावं असतील; आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव आणि साल कोरून घेत. ते नाव म्हणजेच तुमचा कागद. मऊ ब्रशनं धूळ काढा, फार तर साध्या पाण्यानं धुऊन लगेच कोरडं करा. काळपटपणा राहू द्या. तांब्यावर कुठे फिकट हिरवी, पिठासारखी सुटणारी पूड दिसली तर मात्र ते भांडं बाजूला, अगदी कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. ती ओलाव्यानं पसरत जाते. आतली कल्हई उडाली असेल तर पुन्हा करून घेऊ नका. त्यात स्वयंपाक करायचा असता तर केली असती.

लाकडाला ऑइलपेंट नको, चकचकीत पॉलिश नको. गावाकडे जवसाचं तेल चोळायची पद्धत आहे, माझं नावच त्यावरून घेतलंय, तरी सांगते की नको. ते वाळून चिकट होतं, धूळ धरतं आणि वर्षागणिक काळं पडत जातं. कोरड्या कापडानं पुसा. फारच रुक्ष झालं असेल तर मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात.

हलवण्याआधी प्रत्येक वस्तूचा जागेवरच फोटो काढा. भिंत, खिडकी, खालची फरशी दिसेल असा. एक वही करा: क्रमांक, नाव, माप, कुठे होती, कोणी वापरली, कोणी सांगितलं. क्रमांक वस्तूवर लिहू नका, चिकटपट्टीही नको. सुती दोऱ्यानं चिठ्ठी बांधा.

आणि 'नाव' या रकान्यात आत्या म्हणतात तोच शब्द लिहा. गंज लिहा, पातेलं नको. बंगई लिहा, झोपाळा नको.


रेंगीवाला
१४ एप्रिल

भाऊ, विकू नका. आमी विकलं. बाप गेला त्या वर्षी पैसा पायजे होता, दरवाजा चौकटीसकट देऊन टाकला. आता तो दरवाजा एका हॉटेलाच्या भिंतीला उभा आहे, मागं भिंतच आहे, उघडत नाई. मी एकदा जाऊन पाहून आलो. उंबऱ्यावर माह्या मायच्या हातचे हळदीचे डाग होते, ते रंधा मारून काढून टाकले. यापेक्षा जास्त लिवत नाई.


सेलूकर
१५ एप्रिल

तुम्ही हिंगणघाटचे, म्हणजे सेवाग्राम तासाभराच्या वाटेवर. शाळेत असताना सहलीला गेला असालच. आता या नजरेनं पुन्हा जा आणि घाईनं बाहेर पडू नका. घर आणि घरातली वस्तू एकत्र ठेवणं म्हणजे काय, याचा इतका साधा नमुना दुसरा मला माहीत नाही.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला तिथे आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं. घर बांधताना अट अशी की खर्च शंभर रुपयांच्या आत ठेवायचा आणि सामान आसपासचं वापरायचं. माती, बांबू, कवेलू. आज जिला बापू कुटी म्हणतात ती मुळात मीराबेनची. भिंतीवर ताडाची झाडं, मोर, चरखा हे त्यांनी मातीतच उठवलेलं आहे. ते काढून फ्रेममध्ये घालता येत नाही. भिंत राहिली तर मोर राहील.

आत काय आहे? खाली अंथरलेली चटई, टेकायची पाठ, बसक्या उंचीचं मेज, चरखा, तीन माकडं, खडावा. साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा. सापाला मारायचं नाही, धरून लांब सोडायचं, म्हणून. मी वर्ध्याचा, तिथे माती कोरडी होऊन भेगा पडल्या की साप घरात येतोच, त्यामुळे तो चिमटा मला लहानपणी सगळ्यात खरा वाटायचा. आश्रमात व्हाईसरॉय लिनलिथगोंनी बसवून घेतलेल्या टेलिफोनची जागा आहे. एका बाजूला मातीची भिंत, दुसरीकडे थेट दिल्लीशी जोडलेली तार. हे दोन्ही एका आवारात पाहिल्यावर गांधीजी इथे होते त्या दहा वर्षांबद्दल जे कळतं ते पाठ्यपुस्तकातून कळलं नव्हतं. शेजारी बा कुटी. सतत माणसांचा राबता, कस्तुरबांना स्वतःचा आडोसा नव्हता, म्हणून जमनालाल बजाजांनी ती बांधवून घेतली. बा कुटी इतकी लहान आहे की तिच्यात उभं राहिलं की न बोलता कळतं, एका बाईला एवढीही जागा मागून घ्यावी लागली होती.

१९७८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला एका परिषदेसाठी आले होते, त्या कुटीत बराच वेळ बसले आणि मग परिषदेत तिच्याबद्दलच बोलले. घर आणि सामान साठवायची जागा यांत फरक असतो, असा त्यांचा मुद्दा होता.

दुसरी गोष्ट, जी बघणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. मातीचं घर एकदा जतन करून सोडून देता येत नाही. सारवावं लागतं, कवेलू फेरावे लागतात, पावसाच्या तोंडावर भिंती झाकाव्या लागतात. म्हणजे दरवर्षी हात लागतात. तुमच्या भावकीत दर मे महिन्यात चार दिवस कोण देणार, हे आधी ठरवा. पैसा त्यानंतर.

वर्ध्यातच मगन संग्रहालयही बघून घ्या. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते उघडलं. ते घर नव्हे, ग्रामोद्योगाचं संग्रहालय. पण चरखे, हत्यारं, कारागिरांची साधनं कशी मांडली आहेत ते कामाला येईल.


मोडीवाचक
१५ एप्रिल

कागदांचं थोडक्यात. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, उन्हात वाळवू नका. गाठोडं सोडलं तर कागदांचा क्रम जशाचा तसा ठेवा, क्रम हीसुद्धा माहिती असते. कसर लागली असेल तर कागद स्वच्छ सुती कापडात वेगळे बांधा. वेखंडाची पुरचुंडी बाजूला ठेवली तर चालते, कागदाला चिकटू देऊ नका.

कायदाही सांगून ठेवतो, कारण तो खरेदीवाला पुन्हा येईल. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू 'पुरावस्तू' ठरते, महत्त्वाच्या हस्तलिखितांना ७५ वर्षं. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि देशाबाहेर नेता येत नाही. देवघरात जुन्या धातूच्या मूर्ती असतील किंवा चित्रं असलेली पोथी असेल तर नोंदणीची चौकशी करा. त्या माणसाला परवाना दाखव म्हणा.


चुलीजवळ
१७ एप्रिल

यादी वाचली आणि एक गोष्ट खटकली. राग मानू नका, दादा. तुमच्या यादीत पितळ आहे, तांबं आहे, सागवान आहे, दगड आहे. माती नाही, बांबू नाही.

वाड्याच्या स्वयंपाकघरातलं निम्मं काम मातीच्या आणि बुरुडाच्या वस्तूंनी चालायचं. लांबपोळीचा उलटा मटका, ज्यावर हातानं झेलून ताणलेली पोळी टाकायची. दही लावायचं गाडगं. दाण्याची कणगी, शेणानं लिंपलेली. सूप, टोपली, दुरडी, भाकरीची शिंदीची टोपी. लाकडाची काठवट. यातलं काही तुमच्याकडे उरलं नाही, कारण ते टिकत नाही आणि फुटलं की उकिरड्यावर जातं. मग शंभर वर्षांनी बघणाऱ्याला वाटतं, या घरात सगळं पितळेचंच होतं.

पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून अडकित्ते, दिवे, भांडी जमवली, १९७५ मध्ये सगळा संग्रह राज्याला दिला. मी दोनदा पाहिला. अडकित्त्यांसमोरून हलवत नव्हतं. पण तिथेही घरी परतताना हेच मनात होतं की माझ्या आजीचं सूप कुणी जमवत नाही. त्याला दोष त्यांचा नाही. सूप दोन-चार वर्षांत झिजतं.

तुमच्या आत्यांना विचारा, मटका कुठला कुंभार द्यायचा, सूप कोण विणायचं, बदल्यात काय मिळायचं. त्या घरातली माणसं अजून गावात असतील. त्यांच्याकडून एकेक वस्तू आज करून घ्या आणि पाटीवर 'आज केलेली' असंच लिहा.


कवेलू
१९ एप्रिल

जवसफूलताई, वही सुरू केली. ६३ वस्तूंपर्यंत आलो. एका गुंडावर खरंच नाव निघालं, धाकट्या आजीचं, माहेरच्या गावासकट. मी हे गुंड आयुष्यभर पाणी भरून उचलले आहेत, आणि ते अक्षर माझ्या बोटाखाली होतं हे मला माहीत नव्हतं.

चुलीजवळ ताई, राग कशाचा. तुमचं बरोबर आहे. माजघरात कणगीचा गोल डाग अजून जमिनीवर दिसतो, कणगी नाही.

पायली, अधोली, शेर यांचे फोटो टाकतो आहे. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी एवढं मला ठाऊक आहे. हे पाट्यांवर लिहीन. कडेला लोखंडी पट्टी झिजून पातळ झाली आहे. आजोबांच्या हातची वस्तू म्हणून ही तीन मापं बैठकीत मधोमध ठेवावी असं वाटतं.


तिफण
२० एप्रिल

मी इथे सहसा वाचतो, लिहीत नाही. पायलीचा फोटो बघून लिहितो आहे.

माझे आजोबा सालगडी होते. तुमच्या गावचे नव्हते, पण त्याच भागातले, अशाच वाड्यावर. गुढीपाडव्याला साल ठरायचं. पैसे थोडे, धान्य जास्त. वर्ष संपायच्या आत धान्य संपायचं, मग उचल. ती सवाईनं किंवा दिढीनं फेडायची. म्हणजे चार पायल्या नेल्या तर पाच नाहीतर सहा आणून द्यायच्या. एवढं पुस्तकांतही सापडेल.

पण आमच्या घरी 'शीग' हा शब्द होता. माप काठोकाठ भरल्यावर वर जो दाण्यांचा ढीग चढतो ती शीग. 'शिगेला पोचणं' आपण बोलतो ते त्यावरूनच. आजोबा सांगायचे, वाड्यावर माप एकच होतं. देताना त्यावरून पट्टी फिरायची, दाणा बरोबर काठाला. घेताना पट्टी फिरत नसे, शिगेनं मोजलं जायचं. कुणी बोललं तर मालक म्हणायचे, पायली तीच आहे, तुझ्या डोळ्यांदेखत आहे. आणि ते खरंही होतं. पायली तीच होती.

तुमच्या वाड्यावर असं होत होतं असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही. पण ते माप बैठकीत मधोमध 'आजोबांच्या हातची वस्तू' म्हणून ठेवलं आणि माझ्यासारखा कुणी बघायला आला, तर त्याला त्या मापाच्या दुसऱ्या बाजूला उभी असलेली माणसं दिसतील. त्यांचे हातही त्या मापाला लागले आहेत. पोती त्यांनीच उचलली.


वाडासंस्कृती
२० एप्रिल

अशा चर्चेत हे आणायची गरज होती का? मालगुजारांनी तलाव बांधले, दुष्काळात कोठारं उघडली, देवळं उभी केली. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव आजही शेती भिजवतात. एका माणसानं प्रेमानं घर वाचवायला घेतलं आहे, त्याला त्याच्याच आजोबांची लाज वाटायला लावू नये.


तिफण
२० एप्रिल

तलाव खरेच आहेत. ते खोदणारे हातही खरे आहेत. मी लाज वाटायला लावत नाही, साहेब. पाटीवर काय लिहावं ते सांगतो आहे.


जवसफूल
२१ एप्रिल

मी तिफण यांच्या बाजूनं आहे, आणि जतनाच्या कामाच्या अनुभवावरून आहे. वस्तू स्वतः बोलत नाही. पायलीच्या लाकडात शीग दिसत नाही, ती रोज मोडते. सागवान, लोखंड, घेर, उंची सगळं मोजून लिहिलं तरी मापाची मुख्य गोष्ट त्यात येत नाही. ती फक्त माणसाच्या सांगण्यात आहे, आणि सांगणारी माणसं ऐंशी-नव्वदीची आहेत. कवेलूदादा, पितळ थांबेल. आत्यांना आजच विचारा, आणि फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून घ्या.

नागपूरजवळ चिचोलीला शांतिवनात डॉ. आंबेडकरांच्या वापरातल्या वस्तू आहेत. टाइपरायटर, कोट, कपडे. नानकचंद रत्तू त्यांचे सचिव, त्यांनी त्या सांभाळल्या आणि नागपूरच्या वामनराव गोडबोल्यांच्या हाती दिल्या म्हणून त्या विदर्भात आल्या. मी गेले होते तेव्हा एक आजी कोटासमोर उभ्या होत्या, हात जोडून नाही, नुसत्या बाहीची लांबी बघत. त्या कोटाच्या उंचीवरून बाबासाहेब केवढे होते ते मनाशी मोजत होत्या. वस्तूसमोर कोण उभं राहणार याचा विचार करून ती मांडायची असते.

अजून एक, उन्हाळा आहे म्हणून. बैठकीत कूलर लावू नका. मे महिन्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी की लाकूड आकसतं, त्यात दुपारभर कूलरचा ओलावा आणि रात्री बंद. रोज फुगणं, रोज आकसणं. सांधे उकलतात, चित्राच्या काचेआड बुरशी धरते. जाड भिंती आणि बंद खिडक्या पुरेत, दुपारी वाळ्याचे पडदे कोरडेच सोडा. सांदुकीखाली पिठासारखा ताजा भुगा दिसतो का ते दर आठवड्याला बघा. दिसला तर आत घूण जिवंत आहे.


रेंगीवाला
२१ एप्रिल

शिगेचं आमच्याकडंही होतं. मी ऐकलं आहे. आमी वाड्यावालेच होतो. सांगून रायलो, कारण विचारलं कोणी नाई आजवर.


कवेलू
२ मे

तिफणभाऊ, तुमचं लिहिलेलं वाचून दोन दिवस मी इथे आलो नाही. रागावलो होतो असं नाही. काय लिहावं ते सुचत नव्हतं.

आत्याकडे गेलो. वय ८६. फोन समोर ठेवला, तिला सांगितलं की आवाज घेतो आहे. आधी मी बंगईचं, मोरांचं विचारलं. मग विचारलं की मापावरून फिरवायची पट्टी असायची का. ती लगेच म्हणाली, 'असे ना. सांदुकीत असे. देताना काढत.' मी विचारलं, घेताना? ती थोडी थांबली. 'घेताना कशाला लागते?' एवढंच. ती लपवत नव्हती. तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नव्हतं, शेजारी कुणी कशासाठी उभं आहे हे बघायची तिला कधी वेळ आली नव्हती. मग बराच वेळ ती गप्प बसली आणि म्हणाली, 'तुझे आजोबा वाईट नव्हते रे.' मी म्हणालो, मला माहीत आहे. मला ते खरंच माहीत आहे. मला खळ्यावर खांद्यावर घेऊन फिरायचे ते. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल आहेत आणि मला ती दोन्ही वहीत लिहायची आहेत.

काल वाड्यावर जाऊन सांदूक पुन्हा रिकामी केली. तळाशी हातभर लांब, दोन बोटं रुंद शिसवाची पट्टी निघाली. मी ती वहीत 'पाळण्याचा मोडका भाग?' म्हणून ४१ क्रमांकाला लिहिली होती. एक कड सरळ झिजलेली आहे. पायलीच्या काठावर ठेवली. बसली.

मग ज्वारी आणली. पट्टी फिरवून, सपाट आठ पायल्या मोजून चादरीवर ओतल्या. तीच ज्वारी पुन्हा शिगेनं भरली. सात भरल्या, आणि चादरीवर ओंजळभर उरली. म्हणजे आठ परत देणाऱ्या घराच्या नावावर सातच आल्याची नोंद. सवाई त्यावर वेगळी.

ज्वारी तशीच चादरीवर होती आणि मी अंधार पडेपर्यंत तिथेच बसलो होतो.


तिफण
२ मे

वाचलं. मोजून बघितलंत त्याबद्दल आभार. आमच्या घरी कुणी मोजून बघितलं नव्हतं, मोजायला पायलीच नव्हती. आजोबांचा अंदाज 'खंडीला दोन मण जास्त' असा होता. तुमच्या हिशेबानं वीस मणांना पावणेतीनच्या आसपास जातं. म्हातारा कमीच सांगत होता.


चुलीजवळ
३ मे

पट्टी ४१ क्रमांकालाच राहू द्या आणि तुमचं पहिलं चुकलेलं नावही वहीत खोडून न टाकता राहू द्या.


मोडीवाचक
३ मे

गाठोड्यात धान्याच्या उचलीची बाडं असतील तर फोटो पाठवा, वाचून देतो. नावं निघतील. ज्यांची नावं निघतील त्यांच्या घरच्यांना आधी सांगा, भिंतीवर नंतर.


सेलूकर
११ जून

कवेलू फेरून झाले का? मृग लागला.


कवेलू
१३ जून

झाले. भावकीतले सात जण आले होते, चुलतभाऊही. जुने कवेलू जेवढे चांगले होते तेवढे पुढच्या अंगाला घातले. खरेदीवाल्याला एका चुलतभावानंच परवाना विचारला, तो माणूस पुन्हा आलेला नाही.


कवेलू
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

काल पोळा, आज तान्हा पोळा. बैठक आणि माजघर आजपासून उघडलं. उद्घाटन वगैरे नाही. पोरं आपापले लाकडी नंदी घेऊन येणारच होती, आमचा मोडक्या शिंगाचा नंदी ओसरीवर ठेवला. शिंग नवं बसवलं नाही. प्रत्येक पोरानं येऊन पहिलं तेच विचारलं, शिंग कसं मोडलं. ते मला माहीत आहे, कारण मीच मोडलं होतं, सहाव्या वर्षी, विहिरीच्या काठावर. तीसेक वेळा सांगितलं.

मापं बैठकीत मधोमध आहेत, जसं पहिल्यांदा ठरवलं होतं तसंच. पण पट्टी बाजूला, आणि दोन तांब्याच्या कोपरांत ज्वारी: एकात एक सपाट पायली, एकात शिगेची. पाटीवर तीन ओळी आहेत, तिफणभाऊंनी वाचून दुरुस्त केलेल्या. मुलांनी हात घालून बघावं म्हणून ज्वारी उघडीच ठेवली. (जवसफूलताई, उंदरांसाठी रात्री झाकतो.) बाडांतली नावं अजून लावलेली नाहीत. चार घरांशी बोलणं झालं आहे, दोघांनी हो म्हटलं, एकानं नको म्हटलं, एक विचार करतो म्हणाला.

दुपारी वाड्यावरच्या शेवटच्या सालगड्याची लेक आली. सत्तरीची असेल, मी तिला काकू म्हणतो. ती मापांपाशी थांबली नाही. सरळ माजघरात गेली, जात्याच्या डाव्या अंगाला कणगीचा गोल डाग आहे तिथे उभी राहिली आणि म्हणाली, 'माही माय इथं बसे. दाणे पाखडाले.' मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं की तिथे कुणी बसत असे. मी म्हणालो, काकू, इथे एक सूप ठेवायचं आहे, कुणाकडून करून घेऊ? ती घरी गेली आणि तासाभरानं सूप घेऊन आली. आईचं. कडा दोनदा नव्यानं बांधलेल्या, पाठ शेणानं सारवलेली, मधला भाग हाताळून गुळगुळीत झालेला. चुलीजवळ ताई, तुम्ही म्हणाल सूप एवढं टिकत नाही. तिनं टिकवलं आहे.

भिंतीवर धरून बघितलं, उंची ठरवली, खिळा ठोकला, सूप लावलं. पोरं येऊन बघून गेली. संध्याकाळी ती निघाली तेव्हा तिनं ते खिळ्यावरून काढून काखेत घेतलं. म्हणाली, 'मूग निघाले ना. पाखडाचे आहेत. झाले का आणून देतो.'

वहीत ६४ क्रमांक लिहिला आहे. नाव: सूप. कुठे आहे: काकूंकडे.